डोळ्यामागची गाठ : नाकातून काढावी की बाजूने? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आई ५४ वर्षांची, आम्ही सांगलीत राहतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर बदलला, वर्षभरात पुन्हा बदलला. दोन्ही वेळा प्लसमध्ये वाढ आणि तीही फक्त उजव्यात. चष्मेवाला म्हणाला, वयाने होतं. दिवाळीचे फोटो बघताना बहिणीच्या लक्षात आलं की आईचा उजवा डोळा जरा पुढे आलाय. थायरॉईड तपासला, नॉर्मल निघाला. मग एमआरआय केला. त्यात १८ मिमीची, स्पष्ट कडा असलेली गाठ आहे. डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या शंकूच्या आत, डोळ्याच्या नसेच्या बाजूला. 'कॅव्हर्नस हिमँजिओमा' असल्याची शक्यता लिहिली आहे.

पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं, बाजूने उघडावं लागेल, कदाचित कडेचं हाड कापून परत बसवावं लागेल. हे ऐकून आईने त्या रात्री जेवण टाकलं. दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे नाकातून दुर्बिणीने करतात, चेहऱ्यावर एक टाका नाही. साहजिकच घरात सगळ्यांचा कल नाकाकडे आहे. कुणी केलंय का? अनुभव सांगा प्लीज.

उगाच_एक · रात्री १०:०५

दुर्बीण विकत घेतली की ती वापरावीच लागते. हप्ते असतात. फोनवरच्या बाईंनी एमआरआय बघितला होता का?

कृष्णाकाठ · रात्री १०:११

नाही, फक्त आजाराचं नाव सांगितलं होतं.

निळी_छत्री · रात्री १०:५०

माझी गाठ नव्हती, थायरॉईडचा डोळा होता. पण ऑपरेशन डोळ्याच्या याच खोबणीतलं, म्हणून लिहिते. ग्रेव्हज् नावाचा थायरॉईडचा आजार. दोन्ही डोळे इतके बाहेर आले होते की झोपेत पापण्या मिटत नव्हत्या. लोकलमध्ये बायका विचारायच्या, "कुणावर चिडलात का?" डोळा किती पुढे आहे ते मोजायचं एक आरसेवालं यंत्र असतं, हर्टेल म्हणतात. माझे दोन्हीकडे २४ मिमी होते.

आजार तापलेला असताना कापाकापी करत नाहीत (दृष्टीच जायला लागली तर गोष्ट वेगळी). तो निवायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर आठवड्याला एक असे बारा आठवडे स्टिरॉईडचे सलाईन, आणि नवऱ्याला घरात सिगरेट बंद. यात धूर हा सख्खा वैरी. मग डीकॉम्प्रेशन. म्हणजे डोळा लहान करत नाहीत, खोली मोठी करतात. नाकाच्या बाजूची भिंत नाकातून दुर्बिणीने काढली आणि बाहेरच्या बाजूचं हाड वरच्या पापणीच्या घडीतून आत जाऊन घासलं. दोन्ही बाजूंनी जागा केली की डोळा सरळ मागे जातो. एकाच बाजूची भिंत काढली तर तो तिकडे झुकतो आणि एकाचे दोन दिसायची शक्यता वाढते, असं मला समजावलं होतं.

आज व्रण शोधून सापडत नाही. पण चार महिने मला एकाचे दोन दिसत होते. जिना उतरताना कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा ते कळायचं नाही, एक डोळा झाकून उतरायचे. मग तिरळेपणाचं ऑपरेशन, त्यानंतर पापणीचं. हा क्रम उलटा करत नाहीत. आता हर्टेल १९. तेव्हा 'चेहऱ्यावर एक टाका नाही' हे खरं असलं तरी सगळं ऑपरेशन त्या एका वाक्यात मावत नाही.

पापणीवाला · बुधवार, सकाळी ६:३०

ओपीडीच्या आधी लिहितोय. मी याच विषयातला सर्जन आहे, ऑक्युलोप्लास्टीचा, म्हणजे पापण्या आणि डोळ्याची खोबण यांच्या ऑपरेशनांचा. इथे कुणाचंही निदान करणार नाही, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलंत 'नसेच्या बाजूला'. बाजूला म्हणजे कुठल्या? रिपोर्टमधला मूळ शब्द इथे टाका. आपल्या सगळ्या चर्चेची किल्ली त्या एका शब्दात आहे.

कृष्णाकाठ · सकाळी ८:१५

डॉक्टर, शब्द 'लॅटरल' असा आहे. 'लॅटरल टू द ऑप्टिक नर्व्ह'. मी त्याचं 'बाजूला' केलं. चुकलं का?

पापणीवाला · दुपारी २:४०

चुकलं नाही, पण अर्धंच झालं. शरीररचनेत लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून दूरची बाजू. आपल्या बाबतीत कानशिलाकडची. नाकाकडची ती मीडियल. म्हणजे आईंची गाठ नसेच्या कानशिलाकडच्या अंगाला आहे.

आता सविस्तर लिहितो. पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर त्यांनाही उपयोग होईल.

खोबण म्हणजे सात हाडांनी बनलेलं, मागे निमुळतं होत गेलेलं नाळकं. आतली जागा जेमतेम ३० मिली, खोकल्याच्या औषधाची तीन झाकणं भरतील एवढी. त्यात डोळा सुमारे ७ मिली. उरलेल्या जागेत सहा स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सगळ्यांभोवती भरलेली चरबी. मधोमध डोळ्याची मुख्य नस. डोळ्याच्या पाठीपासून खोबणीच्या टोकापर्यंत सरळ अंतर साधारण १८ मिमी, पण तिथली नस २५ मिमीच्या आसपास. म्हणजे तिला थोडा झोल दिलेला आहे. म्हणून डोळा फिरला किंवा थोडा पुढे आला तरी ती लगेच ताणली जात नाही. तुमच्या आईंना इतके दिवस फारसं काही जाणवलं नाही त्यात या झोलाचाही वाटा असणार.

आमचा मुख्य नियम एकच : नस ओलांडायची नाही. गाठ नसेच्या ज्या अंगाला, वाट त्या अंगाने. नाकाच्या बाजूला आणि खाली असलेल्या, विशेषतः मागे खोल गेलेल्या गाठींसाठी नाकातून दुर्बीण ही खरोखर सुंदर वाट आहे. मधली भिंत, म्हणजे खोबणीची नाकाकडची, अर्धा मिलिमीटरही जाड नाही. तिचं नावच 'लॅमिना पॅपिरेशिया', म्हणजे पपायरसच्या कागदासारखी. पलीकडे सायनसच्या हवेच्या पोकळ्या. नाक-कान-घसावाले तिथे रोज ये-जा करतात. असं ऑपरेशन बहुधा दोघे मिळून करतात, एकाच्या हातात दुर्बीण, दुसरा स्नायू बाजूला धरून. पण आईंची गाठ पलीकडे आहे. नाकातून गेलं तर नसेखालून किंवा नसेवरून हात घालावा लागेल. चेहऱ्यावरचा टाका वाचवायला दृष्टीची नस पणाला लावणं, असा तो सौदा होईल.

म्हणजे पहिल्या डॉक्टरांची दिशा बरोबर होती. समजावताना त्यांनी हाडापासून सुरुवात केली, एवढंच.

आणि बाजूची वाट म्हणजे आता जुनी मोठी जखम राहिलेली नाही. वरच्या पापणीच्या घडीचा बाहेरचा तिसरा हिस्सा, अडीच-तीन सेंटिमीटरचा छेद, तेवढ्यातून बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचता येतं. हाड काढायचं, थोडं घासायचं की हातच लावायचा नाही, हे गाठ किती मागे आणि किती मोठी यावर ठरतं. अगदी पुढे असलेल्या गाठी तर पापणीच्या आतल्या गुलाबी पडद्यातून, बाहेर कातडीला न शिवताही निघतात.

या गाठीचं एक बरं असतं. हा कॅन्सर नव्हे. रक्ताने भरलेल्या पोकळ्यांचा जांभळट स्पंज म्हणा. भोवती स्वतःची पिशवी असते आणि आत रक्त अगदी संथ फिरतं. म्हणून तो आख्खा सोडवून काढता येतो. (हल्ली याला गाठ न म्हणता शिरांची रचनाच चुकलेली म्हणतात, नाव बदललंय.) वाढही सावकाश. नजर चांगली असेल, नसेवर दाब नसेल, तर काहीच न करता ठरावीक काळाने स्कॅन करत राहणं हाही खरा पर्याय आहे.

प्लस नंबरबद्दल : मागून गाठ डोळ्याला दाबते, डोळा समोरून मागे किंचित आखूड होतो आणि प्लस वाढतो. एकाच डोळ्यात असं दोनदा झालं तर मागे बघायला हवं होतं. चष्मेवाल्यावर रागावू नका, ते त्याचं काम नाही. पण मधल्या काळात आईंना कुणा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं असेल, तर त्यांना मी दोष देईन.

आज घरी एवढं करा. आईंना एक डोळा झाकून लाल वस्तू दाखवा, मग दुसरा झाकून तीच. लाल रंग दोन्हीकडे सारखा दिसतो का ते विचारा.

जुनी_वही · दुपारी ४:२०

पापणीवाल्यांनी 'जुनी मोठी जखम' म्हटलं, तिचा इतिहास मजेदार आहे. बाजूचं हाड दारासारखं उघडून खोबणीत शिरण्याची पद्धत झुरिकच्या क्रोनलाईन या सर्जनची, १८८० च्या दशकाच्या अखेरची. त्याने ती खोबणीतल्या डर्मॉईड सिस्टसाठी (जन्मजात, साधी पिशवीसारखी गाठ) वापरली. १९११ मध्ये डॉलिंगर याने तीच वाट थायरॉईडच्या डोळ्यासाठी वापरली. पुढे १९५७ मध्ये वॉल्श आणि ओगुरा यांनी वरच्या ओठाखालून, गालाच्या सायनसमधून जाऊन खालची आणि मधली भिंत काढायची पद्धत आणली. म्हणजे चेहऱ्यावर टाका नको ही हौस आजची नाही. १९९० मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी तेच काम नाकातून दुर्बिणीने केलं.

पापणीच्या आतून जायची कल्पना १९२४ ची, बुर्गे नावाच्या फ्रेंच डॉक्टरची. त्याला फक्त डोळ्याखालच्या पिशव्यांची चरबी काढायची होती! सौंदर्याच्या नादात सापडलेल्या वाटेने पुढे खोबणीची मोडलेली हाडं बसवली गेली. आणि २०१० मध्ये सिएटलच्या मो यांनी उलटीच गंगा वाहवली : पापणीच्या छोट्या छेदातून दुर्बीण घालून खोबणीमार्गे मेंदूच्या तळापर्यंत. जिथे पोचायला एवढी धडपड, ती खोबणच दुसऱ्या कुणाचा बोळ झाली.

उगाच_एक · दुपारी ४:३२

वही, दंडवत.

शिवाजीपार्क_थर्डमॅन · संध्याकाळी ७:१०

अवांतर आहे, पण पालकांनी वाचावं म्हणून. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गल्लीत खेळताना त्याला डोळ्यावर चेंडू लागला. डोळा ना लाल, ना फारसा सुजलेला. पण सारखा उलट्या करत होता आणि वर बघ म्हटलं की कळवळायचा. जवळच्या एका दवाखान्यात डोक्याला मार समजून सीटी केला, मेंदू व्यवस्थित आहे म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तोच सीटी पाहिला. खोबणीच्या तळाच्या हाडात चीर आणि स्नायू तिच्यात चिमटलेला. मुलांची हाडं लवचीक असतात, वाकून फटीसारखी उघडतात आणि परत मिटतात, म्हणाले. त्याच संध्याकाळी ऑपरेशन. खालच्या पापणीच्या आतून, बाहेर काही खूण नाही. वर बघताना दुहेरी दिसणं पूर्ण जायला दोन महिने लागले.

पापणीवाला · संध्याकाळी ७:४५

अवांतर अजिबात नाही. पांढरा स्वच्छ डोळा, वर बघता न येणं आणि उलट्या, हे मुलांमध्ये दिसलं की थांबायचं नसतं. २४ ते ४८ तासांत स्नायू सोडवावा लागतो, नाहीतर तो चिमटीतच खराब होतो. चिमटलेल्या स्नायूमुळे नाडीही मंदावते. उलट्या आणि मंद नाडी म्हणून मेंदूचा मार समजला जातो.

रात्रपाळी · रात्री ११:५५

ड्यूटीवर आहे, थोडक्यात लिहिते. डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं झाली. आधी ओटीत होते. खोबणीच्या केसला सर्जनने स्नायू ओढला की मॉनिटरचा टीं-टीं आवाज एकदम सावकाश होतो. भूलतज्ज्ञ नुसतं "सोडा" म्हणतात आणि सर्जन हात सैल करतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं, नाहीतर नाडी वाढवणारं ॲट्रोपिन तयार असतंच.

नातेवाइकांनी जपायची रात्र म्हणजे ऑपरेशननंतरची पहिली. आम्ही घट्ट पट्टी बांधत नाही, आणि दर तासाला पेशंटला उठवून बोटं मोजायला लावतो. लोक चिडतात, झोपू द्या ना म्हणतात. पण आत रक्त साचलं तर त्या बंद डबीत जागाच नसते, दाब वाढतो आणि नस गुदमरते. फार दुखणं, पापणी दगडासारखी टणक, दिसणं कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर कॉटवरच डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब सोडतात. तिथे हिशेब मिनिटांचा असतो. म्हणून छेद कितीही छोटा असला तरी पहिल्या रात्री "घरी नेतो" म्हणू नका.

निळी_छत्री · गुरुवार, सकाळी ९:००

सिस्टर, मी पण चिडले होते. आज माफी मागते.

सातारी_कंदी · सकाळी ९:५०

२०२१ मध्ये आमच्या काकांना करोनानंतर म्युकर झाला आणि डोळा काढावा लागला. तेव्हाही नाकातून दुर्बीण घातली होती. हे तेच ऑपरेशन का?

पापणीवाला · दुपारी १:३०

वाईट वाटलं. वाट तीच, हेतू वेगळा. म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि पुढचा भाग मरतो, औषधही तिथे पोचत नाही. म्हणून सायनसमधलं मेलेलं सगळं साफ करावं लागतं. तिथे कमीत कमी कापण्यापेक्षा पुरेसं कापणं महत्त्वाचं. डोळा वाचावा म्हणून काही पेशंटांना डोळ्यामागे ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाची इंजेक्शनं दिली जात होती, थोडं पसरलेलं असेल तर उपयोग व्हायचा. त्या मे-जूनमध्ये आम्ही नाक-कान-घसावाल्यांबरोबर जितके तास घालवले तितके आधीच्या दहा वर्षांत घालवले नव्हते. आज एकत्र ऑपरेशनं करणं सोपं जातं, त्याचं एक कारण ते दिवस आहेत.

कृष्णाकाठ · रात्री ८:३०

लाल वस्तू म्हणून आईने कुंकवाचा करंडा आणला. डाव्या डोळ्याने कुंकू कुंकवासारखं. उजव्याने म्हणाली, "विटकं दिसतंय, धुतलेल्या कापडासारखं." आणि मग म्हणाली, हे बरेच दिवस आहे, मला वाटलं हल्ली कुंकूच भेसळीचं येतं.

पापणीवाला · रात्री ८:४१

मग वाट बघण्याचा पर्याय जवळजवळ संपला. लाल विटका दिसणं म्हणजे नसेवर दाब असू शकतो. आजच रात्री पळा असं नाही, पण या आठवड्यात त्या पहिल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना तीन गोष्टी विचारा : गाठ खोबणीच्या टोकापासून किती पुढे आहे, हाड काढायची गरज पडेल असं त्यांना किती वाटतं, आणि अशा गाठी ते स्वतः किती काढतात. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका.

उगाच_एक · रात्री ८:५५

आणि खर्च. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नको. (माझ्याकडून एवढंच उपयोगाचं निघेल.)

कृष्णाकाठ · तीन आठवड्यांनंतर, रविवार

मंडळी, उशीर झाला, माफ करा. पहिल्याच डॉक्टरांकडे केलं. गाठ टोकापासून बरीच पुढे होती. पापणीच्या घडीतूनच गेले. कडेचं हाड थोडं घासलं, काढून बसवायची वेळ आली नाही. गाठ धरायला त्यांनी थंड सळई वापरली. बर्फाच्या गोळ्याला जीभ चिकटते तशी गाठ तिला चिकटते आणि चिमट्याने फाटत नाही, असं सांगितलं. नंतर बरणीत दाखवली. आवळ्यापेक्षा थोडी लहान, जांभळी. तपासणीत कॅव्हर्नसच निघाली.

पहिल्या रात्री सिस्टर दर तासाला येऊन बोटं मोजायला लावत होत्या. आईला सांगितलं, या बाई कशासाठी उठवतात ते मला ठाऊक आहे. तिने मुकाट्याने मोजली. पहाटे पहाटे मात्र कंटाळून बोटांच्या ऐवजी "तुमच्या बांगड्या सहा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजवी बाहुली मोठी दिसली आणि माझी पाचावर धारण बसली. डॉक्टर म्हणाले, नसेच्या बाहेरच्या अंगाला बाहुलीच्या नसांची एक बारीक गाठोडी असते, तिला धक्का लागला की असं होतं. आता फरक कमी झालाय. दहा दिवस एकाचे दोन दिसत होते, तेही गेलं. टाके काढले. व्रण डोळा मिटला तरच दिसतो.

कुंकू उजव्या डोळ्याने अजून थोडं फिकं दिसतं. पूर्वीपेक्षा बरं म्हणते. नसेला वेळ द्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, असं सांगितलंय.

पापणीवाला · रविवार, रात्री

छान. बाहुलीचं त्यांनी बरोबर सांगितलं. नसेच्या कानशिलाकडच्या गाठींत ते बघून ठेवलेलं असतं.

निळी_छत्री · रविवार, रात्री

नाक शिंकरू देऊ नका हं त्यांना! मी चौथ्या दिवशी शिंकरलं आणि पापणीत हवा भरून डोळा फुग्यासारखा झाला होता.

पापणीवाला · रविवार, रात्री

ते तुमच्यासाठी, ताई. तुमची मधली भिंत काढली होती, म्हणून नाकातली हवा थेट खोबणीत शिरली. यांच्या केसमध्ये सायनस उघडलाच नाही. तरी जोर लावून शिंकरू नये.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री

आईचा प्रश्न आहे, भाकरी कधीपासून करू? डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

रात्रपाळी · रविवार, रात्री ११:४०

वाकणं, जड उचलणं आणि चुलीची धग अजून थोडे दिवस नको. तपासणीला जाल तेव्हा विचारूनच सुरू करा. तोवर दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ११:४६

तो दुसरा कुणीतरी मीच. तीन आठवडे थापतोय. अजून एक गोल झालेली नाही, आणि ते तिला दोन्ही डोळ्यांनी स्पष्ट दिसतं.